विमान ढगांच्या वर उडतं, मग पावसाने उशीर कसा?

जून उजाडला की हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर न चुकता येतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. विमान ढगांच्या वर उडतं, त्याला पावसाचं काय? दिल्लीच्या धुक्यात विमानं आपोआप उतरतात, मग मुंबईच्या पावसात का नाही? मुंबईला तर दोन धावपट्ट्या आहेत. घिरट्या घालून माघारी जातात कारण इंधन मोजूनमापून भरतात. म्हणून ‘खराब हवामान’ ही भरपाई बुडवायची पळवाट. पुरावा म्हणून शेवटी एक अनुभव जोडलेला असतो: नागपूरला कडकडीत ऊन होतं, तरी दारं लावून तासभर विमानात बसवून ठेवलं.

हा अनुभव खरा असणार, म्हणून सुरुवात त्यापासूनच करू. ऊन होतं नागपूरला. उतरायचं होतं मुंबईला.

मुंबईची मुख्य धावपट्टी गर्दीच्या तासात 44 ते 46 उड्डाणं-उतरणं पेलते. म्हणजे साधारण दर 80 सेकंदांना एक हालचाल. जोराची सर आली की ओल्या धावपट्टीवर विमानाचा वेग उतरायला आणि ते बाजूला निघायला जास्त वेळ लागतो, म्हणून मागच्या विमानाचं अंतर वाढवावं लागतं. त्यात एखाद्याने उतरणं सोडून पुन्हा वर झेप घेतली, म्हणजे ‘गो-अराउंड’ केला, की त्याला परत रांगेत घुसवावं लागतं. क्षमता अशी घसरली तरी मुंबईकडे निघालेली विमानं कमी होत नाहीत. पूर्वी ती सगळी मुंबईच्या आसपास येऊन आकाशात गोल फिरत बसायची. आता भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं दिल्लीतलं प्रवाह-नियंत्रण केंद्र पुढच्या काही तासांत मुंबईत किती विमानं उतरू शकतील याचा हिशेब मांडतं आणि जी विमानं अजून जमिनीवर आहेत त्यांना तिथंच थोपवतं. प्रत्येकाला उड्डाणाची ठरवून दिलेली वेळ मिळते. पायलट आणि एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, तिला ‘सीटीओटी’ म्हणतात. पाच मिनिटं आधी ते दहा मिनिटं नंतर, एवढीच मुभा. हुकली की नवी वेळ घ्या. म्हणून तर प्रवाशांना आधीच चढवून दारं लावतात: वेळ अलीकडे सरकली आणि विमान तयार नसलं तर ती दुसऱ्याला जाते. ए320 जातीचं विमान हवेत मिनिटाला साधारण 40 किलो इंधन जाळतं. तो तास नागपुरात काढायचा की मुंबईवर घिरट्या घालत, एवढाच काय तो पर्याय असतो. प्रवाशाला हे कुणी धड सांगत नाही, ‘ट्रॅफिक कंजेशन’ एवढंच पुटपुटतात, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आता ढगांच्या वरची गोष्ट. प्रवासी विमान साधारण 35 ते 40 हजार फुटांवर असतं. आपल्याकडचे गडगडाटी ढग 45-50 हजार फुटांपर्यंत चढतात. त्यांच्यावरून जाता येत नाही, बाजूनेच जावं लागतं, आणि बाजूला जागा असेलच असं नाही. 21 मे 2025 ला इंडिगोच्या दिल्ली-श्रीनगर विमानापुढे पठाणकोटजवळ असा ढग आला. पायलटने डावीकडे, सीमेच्या दिशेने वळायला परवानगी मागितली. तिकडचं आकाश सांभाळणाऱ्या हवाई दलाच्या नियंत्रण कक्षाने ती दिली नाही. लाहोरला विचारलं, तिथूनही नकार. एप्रिलपासून दोन्ही देशांचं आकाश एकमेकांच्या विमानांना बंदच होतं. मागे वळायला उशीर झालेला, म्हणून विमान गारांच्या वादळातून गेलं. एका क्षणी ते मिनिटाला 8,500 फूट वेगाने खाली येत होतं. नाक फुटलं, माणसं सुखरूप उतरली. ‘ढगांच्या वर उडतं’ म्हणणाऱ्याने त्या नाकाचे फोटो जरूर बघावेत.

दिल्लीच्या धुक्याचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. दिल्लीत ‘कॅट थ्री’ यंत्रणा आहे, अगदी कमी दृश्यमानतेत ऑटोपायलट विमान उतरवू शकतो, हे खरं. पण धुकं वारा पडलेला असतानाच साचतं. मुंबईची सर वारा घेऊन येते, तोही क्षणाक्षणाला दिशा बदलणारा. ए320 च्या ऑटोपायलटला स्वतः उतरायला आडवा वारा 20 नॉटपर्यंतच (ताशी साधारण 37 किलोमीटर) चालतो. त्यापुढे पायलटलाच हाताने उतरवावं लागतं, आणि हाताने उतरवायचं तर धावपट्टी डोळ्यांना दिसावी लागते. म्हणजे यंत्राची आणि माणसाची, दोघांचीही पंचाईत एकाच वेळी.

दोन धावपट्ट्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असताना दुसरी स्वतंत्रपणे वापरता येत नाही. 1 जुलै 2019 च्या रात्री स्पाइसजेटचं जयपूरहून आलेलं विमान पावसात मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरून चिखलात रुतलं, ते काढायला चार दिवस गेले. तेवढे दिवस सगळा भार दुसऱ्या, आखूड धावपट्टीवर होता. किती उड्डाणं रद्द झाली ते तेव्हा अडकलेल्यांना विचारा.

इंधन ‘मोजूनमापून’ भरतात हे मात्र शब्दशः बरोबर आहे. मोजतात काय ते बघू. मुक्कामापर्यंतचं, वर काही टक्के राखीव, मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूर अशा पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यानंतरही हवेत 30 मिनिटं थांबण्याइतकं. हा शेवटचा अर्धा तास हात न लावण्याचा. त्याला धक्का लागणार असं दिसलं तर पायलटला ‘मेडे’, म्हणजे संकटाची हाक, पुकारावा लागतो. पावसाळ्यात कॅप्टन याहून जास्त भरून घेतात. घिरट्या घालून विमान अहमदाबादला गेलं, याचा अर्थ तिथवर जाण्याचं इंधन राखून ठेवलं होतं.

‘अजून एकदा प्रयत्न करायला काय हरकत होती?’ या प्रश्नाला केरळातल्या कोझिकोडचं उत्तर आहे. 7 ऑगस्ट 2020, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान, मुसळधार पाऊस. पहिला प्रयत्न सोडला. दुसऱ्यांदा उलट बाजूने, म्हणजे पाठीमागून वारा घेत आले. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. टेकडीवरची धावपट्टी 8,858 फुटांची, चाकं टेकली 4,438 फुटांवर. निम्मी धावपट्टी मागे पडलेली, उरलेली ओली. विमान टेकडीच्या टोकावरून खाली कोसळलं, 21 जण गेले. पर्यायी विमानतळावर जाण्याइतकं इंधन त्या विमानात होतं.

राहिली भरपाई. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांत देशांतर्गत विमानाच्या उशिराबद्दल रोख भरपाई मुळातच नाही. खाणंपिणं, आणि उशीर सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पैसे परत. 5,000 ते 10,000 रुपयांची भरपाई आहे ती ऐनवेळी उड्डाण रद्द केलं तर, आणि तिथं हवामानाची सूट आहे. उशिरासाठी जो पैसा द्यायचाच नाही तो बुडवायला कशाला कोण पाऊस पुढे करेल? हा नियम प्रवाशांच्या बाजूचा नाही, हे मान्य. पण मग भांडण नियमाशी आहे, पावसाशी नाही.

आणि हवामानाच्या आड लपणं होत नाही असं मी म्हणत नाही. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं कोलमडली, तेव्हा कंपनीच्या सुरुवातीच्या खुलाशात तांत्रिक अडचणी, हिवाळी वेळापत्रक आणि गर्दीसोबत खराब हवामानही होतं. मूळ कारण पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास आणि रात्रीच्या उतरण्यांवर कडक मर्यादा. हे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. तयारी केली नव्हती. त्याच दिवसांत, त्याच धावपट्ट्यांवरून इतर कंपन्यांची विमानं जात होती. पाऊस किंवा धुकं असेल तर बोर्डावर सगळ्यांच्याच नावापुढे ‘डिलेड’ दिसतं. एकाच कंपनीच्या नावापुढे दिसलं, तर काउंटरवर जाऊन खुशाल आवाज चढवा.