आधी पान टाका, मग विचार करा

ब्रिजचा डाव तुम्ही खेळताय. डावीकडून उतारी झाली (पहिलं पान पडलं) आणि भिडूने डमीची, म्हणजे टेबलावर उघडी ठेवायची आपली, तेरा पानं मांडली, की लगेच त्यातलं एक पान मागवा. "छोटं!" म्हणताना आवाजात किंचित कंटाळा असू द्या. काही लोक इथेच थांबतात. नो-ट्रंप (बिनहुकमाचा खेळ) असेल तर हक्काचे हात मोजतात (चार पानांची एक फेरी म्हणजे एक हात), हुकमाचा खेळ असेल तर जाणारे हात मोजतात. त्यांना मोजू द्या. पुढचे बारा हात ते झरझर खेळून मोकळे होतात, त्यामुळे त्यांनी डोकं चालवलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही मात्र नवव्या हाताला कपाळावर बोटं ठेवून दोन मिनिटं बसाल. तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं, पण दिसतं छान.

आता एक डाव घेऊ. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोलीत कबूल केलेले हात, तीन नो-ट्रंप: सहा अधिक तीन, नऊ हात हवेत. उतारी बदामाची, त्यात तुमच्याकडे मोठं पान फक्त एक्का, आणि तो निघाला की बदाम अडवायला काही नाही. हक्काचे हात आठ: इस्पिकचे तीन, चौकटचे तीन, बदाम आणि किलवरचा एकेक एक्का. नववा दोन ठिकाणी लपलाय. चौकटमध्ये तुमच्याकडे एक्का, राजा, चौकी, दुर्री आणि डमीत राणी, छक्की, तिर्री. बाहेरची सहा पानं तीन-तीन वाटली गेली असतील तर तुमचं चौथं पान उभं राहतं. शक्यता सुमारे ३६ टक्के. किलवरमध्ये तुमच्या एक्का-राणीचा फिनेस आहे: डमीतून किलवर खेळायचं आणि हातातून राणी लावायची, राजा उजवीकडे असला की ती हात घेते. तो ५० टक्के.

५० हा आकडा ३६ पेक्षा मोठा आहे, एवढं गणित पुष्कळ झालं. ताबडतोब डमीत जा आणि राणीचा फिनेस घ्या. राजा डावीकडे निघाला, तर उतारी करणारा आपले बदाम एकामागून एक वाजवेल आणि तुम्ही चौकटचं पान हातात धरून बसाल.

कुणीतरी शहाणा सांगेल, की आधी चौकटचे एक्का-राजा वाजवून तिसरा हात डमीतल्या राणीने घ्यायचा. पानं तीन-तीन पडली तर इस्पिकने घरी येऊन चौथं चौकट वाजवायचं. नाही पडली तर आपण डमीतच आहोत, तिथून फिनेस घ्यायचा. दोन्ही संधी एकापाठोपाठ मिळून ६८ टक्क्यांच्या आसपास जातात. बदाम कुणाकडे किती गेले त्यावरून हे आकडे थोडे हलतात, असंही तो म्हणेल. त्याला थांबवा. एका डावात दोन संधी घेणं हा हावरटपणा आहे.

एक्का रोखून धरणं हाही असाच भित्रेपणा. पहिल्याच बदामावर एक्का मारा. एक-दोन हात सोडले असते, तर उतारी करणाऱ्याच्या भिडूकडचे बदाम संपले असते आणि पुढे हात त्याच्याकडे गेला तरी त्याला परत खेळायला बदाम नसता. पण त्या बिचाऱ्यालाही काही खेळायला हवं की नाही?

एखाद्या रंगाची राणी बाहेर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांकडे, असेल तर 'आपल्या बाजूला त्या रंगाची आठ पानं असतील तर फिनेस, नऊ असतील तर वरून (एक्का-राजा वाजवून)' हे पाठ करा आणि राणीबरोबर गुलामही बाहेर असतो तेव्हा हमखास वापरा. नऊ पानं तुमच्या बाजूला, एक्का-राजा-दश्शी तुमच्या हातात. एक्का वाजवला आणि तुमच्यामागून खेळणाऱ्याची राणी पडली. आता गुलामही तिच्या मागोमाग येणारच, नाही का? राजा आपटा. खरं तर राणी-गुलाम दोन्ही असणाऱ्याने यातलं कुठलंही पान टाकलं असतं, म्हणून राणी एकटी असण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट आणि दुसऱ्या बाजूच्या गुलामावर दश्शीचा फिनेस हा बरोबर खेळ. पण हे भिडूला पटवायला जितका वेळ जातो, तितक्यात पुढचा डाव वाटून होतो.

आणि जादा हात! हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली या खेळाला आजचं रूप देताना बोली लावून केलेल्या गेमवर (तीन नो-ट्रंपसारख्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टवर) घसघशीत बोनस ठेवला. आज व्हल्नरेबल असताना (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले असताना) तो ५०० गुण आहे आणि नो-ट्रंपमधला जादा हात ३०. त्या तिसासाठी पाचशे टांगणीला लावायला काळीज लागतं, ते तुमच्याकडे आहे. (जोड्यांच्या स्पर्धेत तोच डाव खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना होते, म्हणून हेच तीस गुण सोन्याचे ठरतात. तिथे मात्र तुम्ही जपून खेळा.)

कॉन्ट्रॅक्ट एका हाताने बुडालं, की प्रतिस्पर्ध्यांची पानं उलगडून बघा आणि "वाटणीच अशी होती!" म्हणा. भिडूने चौकटबद्दल काही विचारलंच तर त्याच्या बोलीकडे वळा. एक हात कमी पडला याचा अर्थ बोली एक हात जास्तीची होती. पुढच्या डावात बहुधा तुम्ही डमी असाल. नियमाने डमीला खेळ सुचवायची मुभा नाही, पण फिनेस कुठल्या बाजूने घ्यायचा हे तिथून तुम्हाला लख्ख दिसेल, आणि खोकायला नियमात बंदी नाही असं समजायला तुम्ही मोकळे आहात.