स्तोत्र 118 बायबलच्या बरोबर मध्यावर नाही

‘स्तोत्र 118 च्या आधी 594 अध्याय, नंतरही 594, म्हणून 118:8 हेच बायबलचं मधलं वचन,’ असा मेसेज फिरतोय. मोजणी चुकली आहे. 66 पुस्तकांच्या बायबलात 1,189 अध्याय. त्यांतला मधला, म्हणजे 595 वा, स्तोत्र 117 आहे. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, तिथे हिशेबच निराळा. शिवाय स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक, सोडून इतर पुस्तकांचे आजचे अध्याय पाडले गेले ते 13 व्या शतकात!

स्तोत्र 118 मला फार प्रिय आहे, म्हणूनच हे लिहितोय. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या रात्री यहुदी कुटुंबं ते गातात. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच कोनशिला झाला, हे त्यातलं 22 वं वचन येशूने यरुशलेमेच्या मंदिरात, त्याला नाकारणाऱ्या याजकांसमोरच उच्चारलं (मत्तय 21:42). तो नाकारलेला दगड म्हणजे येशू; मशीहाची, देवाने पाठवलेल्या तारणाऱ्याची, ओळख तिथे आहे. ती पुढे पाठवा.