रीस्टार्ट झाला की फॉरमॅट? त्या फिरत्या मेसेजला उत्तर

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतोय? व्हायरस आहे, विंडोज फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाका. तरी थांबलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडा; तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) गेला समजा. तेही नसेल तर रॅम काढून खोडरबराने घासा. आजाराचं नाव एकदाही न विचारता चार औषधं!

व्हायरसची समजूत हवेतून आलेली नाही. २००३ साली ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरसचा भाऊबंद, पसरला तेव्हा विंडोज एक्सपीच्या स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. २००४ मध्ये सॅसर या वर्मनेही तोच ताप दिला. पण या वर्मचा तो हेतू नव्हता. त्यांच्या धडकेने विंडोजची एक महत्त्वाची सर्व्हिस कोसळायची, म्हणून ते घडायचं. आजच्या मालवेअरला बहुधा तुमचे पासवर्ड नाहीतर फायली हव्या असतात. मशीन सारखं बंद पडलं तर त्याचाच धंदा बसेल. स्कॅन करा, पण तिथेच अडकू नका.

फॉरमॅटचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो पुरावाच पुसून टाकतो. विंडोज क्रॅश झालं की निळी स्क्रीन दाखवून लगेच रीस्टार्ट व्हायचं, अशी सेटिंग मुळातच चालू असते. त्यामुळे आपल्याला दिसतो तो फक्त रीस्टार्ट. सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे, तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा. पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहील आणि तिच्यावरचा कोड निवांत लिहून घेता येईल. आणि मशीन बायोसच्या (चालू करताच विंडोजच्या आधी येणाऱ्या) स्क्रीनवरच रीस्टार्ट होत असेल तर विंडोजचा काय दोष? ते अजून लोडच झालेलं नसतं.

हा शहाणपणा मला उशिरा सुचला. मी फॉरमॅट मारलं, तर नवं विंडोज टाकता टाकताच मशीन रीस्टार्ट झालं. दोनदा. शेवटी कॅबिनेटचं रीसेटचं बटण बोटाने चाचपलं, तर ते आत रुतून बसलेलं. मदरबोर्डवरून त्याची दोन पिनांची वायर उपसली आणि खेळ संपला.

आता ४१. ही नोंद मशीन पुन्हा चालू झाल्यावर होते आणि सांगते एवढंच, की आधीचं बंद होणं रीतसर नव्हतं. खरी माहिती तिच्या डिटेल्समध्ये असते. ‘बगचेक कोड’, म्हणजे निळ्या स्क्रीनवरचाच कोड, शून्य नसेल तर विंडोज क्रॅश झालं होतं. तिथला १५९ म्हणजे हेक्समधला (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतला) ९एफ, आणि तो ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवतो. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळालेली नाही. मग एसएमपीएसवर संशय घ्यायला हरकत नाही, पण सैल पॉवर कॉर्ड, थकलेली यूपीएसची बॅटरी, धुळीने गच्च झालेला सीपीयूचा पंखा हेही त्याच रांगेत उभे असतात. गेम सुरू केला की मिनिटभरात रीस्टार्ट होतो की अर्ध्या तासाने, हे बघा. लगेच झाला तर आधी पॉवर बघायची, तापल्यावर झाला तर पंखे. आणि १०७४ ही नोंद सापडली तर कोणत्या प्रोग्रॅमने रीस्टार्ट करायला सांगितलं हेच तिच्यात लिहिलेलं असतं. पुष्कळदा ते अपडेट निघतं.

खोडरबराबद्दल फार भांडणार नाही. त्याने कधीकधी खरंच फरक पडतो. पण माझ्या मते श्रेय बहुतेक वेळा रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याचं असतं. मशीन बंद करून, वायर काढून, एका वेळी एकच रॅम लावून बघा. एकीवर चालतं आणि दुसरीवर पडतं, असं झालं तर ती दुसरी, पहिली चालली त्याच स्लॉटमध्ये लावून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा.