‘आतडं साफ तर कॅन्सर साफ’: या फॉरवर्डमधलं काय खरं, काय धोक्याचं

केमो सुरू झाल्याचं कळलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर हा संदेश येतोच: आतडं साफ ठेवा, कॅन्सर आपोआप मरेल. साखर-गूळ बंद, दूध कायमचं बंद, रोज प्रोबायोटिकची पुडी, सकाळी अनशेपोटी गव्हांकुराचा रस, केमोच्या आधी-नंतर उपास आणि रात्री इसबगोल. पाठवणाऱ्याला काळजी असते, यात शंका नाही. पण यातले काही सल्ले अर्धे खरे आहेत आणि काही सरळ धोक्याचे.

‘आधी आतडं साफ करा’

केमोत आतडं घाण होत नाही, सोललं जातं. लहान आतड्याचं अस्तर एरवी तीन ते पाच दिवसांत नवं होतं. भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणारी औषधं गाठीबरोबर या अस्तरालाही मारतात. मग पाणी नीट शोषलं जात नाही आणि जुलाब लागतात. अनेक औषधांत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्याही तळाला जाते. कुंपण पडलेलं आणि राखणदार रजेवर, अशी ती अवस्था. अशा वेळी एरंडेल, त्रिफळा किंवा एनिमा म्हणजे जखम खरवडणं. काउंट (पांढऱ्या पेशींचा आकडा) कमी असताना गुदद्वारातून काहीही घालायचं नसतं. तिथल्या लहानशा ओरखड्यातूनही जंतू रक्तात जातात.

‘साखर बंद, कॅन्सर उपाशी’

गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. पण ताटातून साखर काढली म्हणून रक्तातली संपत नाही. यकृत ती बनवत राहतं, आणि त्यासाठी स्नायूंमधलं प्रथिन मोडतं. उपाशी राहतो तो रुग्ण. मधुमेह असेल, किंवा उलटीसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने साखर चढत असेल, तर गोड आवरावंच लागतं. ते कारण वेगळं.

खरा हिशोब प्रथिनांचा आहे. उपचाराच्या काळात दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी लागतात. ५० किलोच्या बाईला म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. दोन अंडी (१२), दिवसभरात अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही (१६), वाटीभर घट्ट वरण (७), ५० ग्रॅम पनीर (९), मूठभर शेंगदाण्यांचं कूट (६) आणि तीन पोळ्या (९) धरल्या तर जेमतेम साठच्या आसपास पोचतो. नुसती पेज आणि नारळपाणी देऊन ‘हलकं खाल्लं’ म्हणणाऱ्या घरात वजन का उतरतं, ते इथे कळतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरच ठरवतील.

‘दूध कायमचं बंद’

अर्धं खरं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम अस्तराच्या टोकांवर असतं, आणि झिजताना तीच टोकं आधी जातात. म्हणून जुलाबाच्या दिवसांत दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब वाढतात. तेवढे दिवस दूध थांबवा. दही, पनीर बऱ्याच जणांना चालतं. जुलाब थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पाव कप दुधाने सुरुवात करा. शाकाहारी घरात दूध कायमचं तोडणं म्हणजे प्रथिनाचा सर्वांत सोपा स्रोत हातचा घालवणं.

‘प्रोबायोटिकने चांगले जंतू वाढवा’

दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पुडीत जिवंत जंतू असतात. काही पुड्यांत सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असतं. पोर्ट किंवा पिक लाइन (औषध देण्यासाठी मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) असलेल्या रुग्णांत हेच यीस्ट रक्तात सापडल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. पुडी फोडताना भुकटी उडते आणि त्याच हातांनी लाइनला स्पर्श होतो, हा त्यातला एक मार्ग. अस्तर झिजलेलं असेल तर जंतूंना आतूनही वाट मिळते.

ओटीपोटावर रेडिएशन चालू असताना लॅक्टोबॅसिलस असलेल्या प्रोबायोटिकने जुलाब कमी होऊ शकतात, म्हणून काही तज्ज्ञ ते सुचवतात. तेव्हा पुडी विष नाही, पण ती डॉक्टरने काउंट पाहून द्यायची गोष्ट आहे. अँटिबायोटिकनंतर ‘सवयीने’ घेण्याबद्दलही सावध राहा: २०१८ साली निरोगी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जंतू पूर्ववत व्हायला उलट जास्त वेळ लागला. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारे उपचार) घेणाऱ्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांत २०२१च्या अभ्यासात चोथा (फायबर) जास्त खाणाऱ्यांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिला; प्रोबायोटिकचा फायदा दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, पुरावा म्हणून तेवढाच धरावा.

ताकाचं काय? उकळलेल्या दुधाचं, घरी लावलेलं, फ्रिजमधलं ताजं दही आणि उकळून गार केलेलं पाणी, एवढं पाळलं तर बहुतेक दिवस चालतं. गाडीवरचं बर्फाचं ताक नको. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली असतील तर दहीसुद्धा विचारूनच.

‘गव्हांकुराचा रस’

ओल्या मातीत वाढलेलं गवत, न शिजवता मिक्सरमध्ये वाटलेलं. मातीतले जंतू पेल्यात येतात आणि चोथा गाळणीत राहतो. कच्ची मोड आलेली कडधान्यं याच कारणाने टाळा; नीट शिजवलेली उसळ पचत असेल तर चालेल.

पण याचं दुसरं टोकही चुकीचं आहे. काही घरांत फळं पूर्ण बंद होतात. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) १५३ रुग्णांच्या २००८च्या चाचणीत फक्त शिजवलेलं खाणारे आणि ताजी फळं-भाज्याही खाणारे यांच्यात गंभीर संसर्गाचं प्रमाण वेगळं आलं नाही. केळं, संत्रं, पपई धुऊन घरी सोलून खा. बाहेरची कापलेली फळं नकोत. पपनस मात्र विचारल्याशिवाय नको: ते औषध मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम.

‘केमोच्या आधी-नंतर उपास’

यावर निवडक रुग्णांत, देखरेखीखाली संशोधन चालू आहे. वजन उतरत असलेल्या माणसाने घरी करायची ही गोष्ट नाही. शिवाय कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात; उपासात त्याचा मेळ बसत नाही.

‘रात्री इसबगोल’

केमोतलं विन्क्रिस्टिन, वेदनेवरचं मॉर्फिन आणि उलटीवरचं ऑन्डॅन्सेट्रॉन यांनी आतड्याची हालचालच मंदावते. तिथे इसबगोल (हाही चोथाच) फुगून बसतं, आणि पाणी कमी पडलं तर अडकतं. अशा बद्धकोष्ठाला हालचाल वाढवणारं औषध लागतं. उलट, ओटीपोटाच्या रेडिएशनमध्ये चोथा सरसकट तोडू नये: लंडनच्या रॉयल मार्सडेन या कॅन्सर रुग्णालयातल्या चाचणीत (२०१७) जास्त चोथा खाणाऱ्यांना वर्षभरानंतर पोटाचा त्रास कमी होता.

जुलाब सुरू झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. फॉरवर्डने बंद करायला सांगितलेली साखरच इथे मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढते. सोबत मीठ घातलेली पेज, पिकलेलं केळं, शिजवलेलं सफरचंद, मऊ मुगाची खिचडी. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड मनाने घेऊ नका, विशेषतः ताप असेल, शौचात रक्त असेल किंवा नुकतंच अँटिबायोटिक झालं असेल तर. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त शौचाला झालं किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी फोन करा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच निघायचं.