रामनदीला आधी तिचे झरे परत मिळावेत

पुण्यात नदीचा विषय निघाला की चर्चा मुळा-मुठेच्या काठावर सुरू होते आणि तिथेच संपते. नदीकाठ सुधारणेचा 44 किलोमीटरचा प्रकल्पही याच नद्यांपुरता आहे. खाटपेवाडीजवळ उगम पावून भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी असा प्रवास करत मुळेला मिळणारी रामनदी मात्र बहुतेकांना 'तो नाला' म्हणूनच ठाऊक आहे, आणि याचे मला मनापासून दुःख होते.

बावधनमध्ये या नदीच्या काठाला आजही जिवंत झरे आहेत. तिथे वाकून पाहिले तर काळ्या दगडाच्या भेगेतून येणारे पाणी इतके नितळ असते की तळाचे खडे स्वच्छ दिसतात; चार पावलांवर तेच पाणी नदीतल्या काळपट फेसात मिसळून जाते. आसपासच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस मुरमातून आणि भेगाळलेल्या बसाल्टमधून झिरपतो आणि सावकाश खाली उतरून अशा जागी वर येतो. दिवाळीनंतर छोटी नदी वाहती राहते ती या पाण्यावर. आपण टेकड्यांचे उतार फोडले, तळघरांसाठी खडक खणला, जागोजागी बोअर घेतले, ओढे पाइपात घातले आणि काठाला काँक्रीटच्या भिंती बांधल्या. मग उन्हाळ्यात पात्रात सांडपाण्याशिवाय दुसरे काय उरणार? तेच सांडपाणी पुढे पाषाण तलावात जाते आणि दरवर्षी जलपर्णी काढण्यावर खर्च होत राहतो.

पुराचेही तसेच आहे. ऑक्टोबर 2010 मधल्या एका संध्याकाळच्या पावसाने रामनदीने आपली हद्द सगळ्यांना दाखवून दिली होती. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर असते. तिथे राहणाऱ्याला, फ्लॅट घेणाऱ्याला ती जमिनीवर कुठेच दिसत नाही.

नदीचा वरचा भाग ग्रामपंचायती आणि पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), खालचा महापालिकेकडे, त्यामुळे पूर्ण नदीचा विचार करणे कोणाचेच काम राहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की सुशोभीकरणाचा एक रुपयाही खर्च होण्याआधी खाटपेवाडीपासून मुळेपर्यंतचा प्रत्येक झरा आणि ओढा विकास आराखड्यात नोंदवला जावा, त्याभोवती बांधकामाला मनाई असावी, आणि सांडपाणी तलावाच्या वरच अडवून शुद्ध केले जावे. बावधन-पाषाणकरांनी या आराखड्याच्या पुढच्या सुनावणीत हीच मागणी लेखी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.