खुलासा: सिनेमातलं ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’

प्रेमपटातला तो प्रसंग आठवा: पळून आलेली जोडी सकाळी विवाह नोंदणी कार्यालयात शिरते, सह्या करते आणि नवरा-बायको होऊन बाहेर पडते. तो पाहून ‘कोर्ट मॅरेज त्याच दिवशी होतं’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. हे खरं नाही.

कोर्ट मॅरेज होतं ते १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार, आणि त्यात आधी लग्नाची नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. नोटीस लागल्यावर आक्षेपासाठी आणखी ३० दिवस. मग सह्या, तेही ३ साक्षीदारांसमोर. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गोंधळ होतो तो नोंदणीमुळे. आधीच विधिवत झालेल्या लग्नाची कार्यालयात नोंदणी ही वेगळी गोष्ट; तिलाच लोक कोर्ट मॅरेज समजतात.

आणि ऐनवेळी धावत येऊन ‘हे लग्न मला मान्य नाही’ म्हणणारा बाप? मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच. मुलगी १८ची, मुलगा २१चा पूर्ण असेल, तर बापाची नापसंती हा कायदेशीर आक्षेपच नाही. आधीचं लग्न कायम असून तो जोडीदार हयात असणं, निषिद्ध (लग्नाला मनाई असलेलं जवळचं) नातं, अशीच कारणं चालतात. घाबरलेल्या जोडप्यांना हे माहीत असायला हवं.