‘टू-स्टेप लावू नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या फोटोग्राफर मंडळींच्या आणि दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘क्लाउड बॅकअपच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावू नका. फोन हरवला की खातं कायमचं बंद. पासवर्ड दणकट असला की पुरे. ऑथेंटिकेटर ॲपवाले तुमचे कोड बघतात. आणि आपल्यासारख्या साध्या माणसाच्या फायली चोरून कुणाला काय मिळणार?’ टू-स्टेप म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं दुसरं कुलूप, आणि ऑथेंटिकेटर म्हणजे तो कोड दाखवणारं फोनमधलं ॲप. ज्यांचं लग्नाच्या सीझनचं सगळं काम क्लाउडवर आहे, अशांनीही हे वाचून सेटिंग बंद केलंय. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतोय.

‘फोन हरवला की खातं कायमचं बंद.’ ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. बुधवारच्या बाजारात, रामकुंडावरच्या गर्दीत फोन जातात. २०२७ च्या सिंहस्थात तर किती जातील! पण आत जायचा दुसरा रस्ता ठेवलाच नसेल, तरच माणूस अडकतो. गुगल खात्यात टू-स्टेप चालू केलं की तिथेच बॅकअप कोड काढता येतात. ८ आकडी १० कोड मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. इतर चांगल्या बॅकअप सेवांतही असे कोड किंवा एखादी रिकव्हरी की असते. ते कोड त्याच बैठकीत कागदावर उतरवा, उद्यावर ढकलू नका. एक प्रत घरच्या कपाटात, पासबुकांबरोबर. दुसरी विश्वासातल्या माणसाकडे, दुसऱ्या घरात. कोड वापरला की त्यावर रेघ मारा. नवीन संच काढला की जुना बाद होतो, तेव्हा जुना कागद फाडून टाका.

बरेच जण या कोडचा स्क्रीनशॉट काढतात. तो फोनच्या गॅलरीत जातो, गॅलरीचा बॅकअप त्याच खात्यात जातो, आणि फोन गेल्यावर कोड नेमके त्या बंद खात्यात असतात. म्हणून कागदच हवा. लॉगिनच्या कोडसाठी फक्त एसएमएसवर विसंबून राहू नका, याचं एक कारणही फोन हरवण्यातच आहे. डुप्लिकेट सिम घेतलं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात, आणि तुम्हाला अल्बमच्या फायली आजच पाठवायच्या असतात. जुना फोन एमजी रोडवर एक्सचेंजला देणार असाल, तर आधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवा, त्याने एकदा लॉगिन करून बघा, मगच जुना फोन फॉरमॅट करा.

‘पासवर्ड दणकट असला की पुरे.’ पासवर्ड कितीही दणकट असला, तरी तो खोट्या लॉगिन पानावर टाइप केला की गेला. २०१४ साली हॉलिवूडच्या अभिनेत्रींचे खासगी फोटो आयक्लाउडमधून चोरीला गेले, ते मुख्यतः असे फसवून घेतलेल्या पासवर्डांमुळे. ॲपलकडे तेव्हा दोन टप्प्यांची पडताळणी होती, पण ती आयक्लाउड बॅकअपला लागू नव्हती. त्या प्रकरणानंतर लागू केली. ड्रॉपबॉक्स या क्लाउड सेवेची २०१२ मधली गोष्टही अशीच: दुसऱ्या साइटवरून फुटलेला पासवर्ड तिच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या कामाच्या खात्यालाही वापरला होता. त्या वेळी चोरीला गेलेली माहिती ६ कोटींहून जास्त खात्यांची होती, हे २०१६ मध्ये उघड झालं.

‘ॲपवाले कोड बघतात.’ कोड कुठून येतच नाही, तो तुमच्या फोनमध्येच तयार होतो. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करता, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते. तीच सेवेच्या सर्व्हरवरही असते. दोन्हीकडे ती किल्ली आणि घड्याळाची वेळ मिळून दर ३० सेकंदांनी तेच ६ आकडे निघतात. खात्री करायची तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि ॲप उघडा. आकडे बदलत राहतात. फोनची वेळ मात्र आपोआप सेट होणारी ठेवा. काही ॲप या किल्ल्या स्वतःच्या क्लाउडवरही ठेवतात. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये ही सोय २०२३ पासून आहे. नको असेल तर ॲप खात्याशी न जोडता वापरता येतं.

‘साध्या माणसाच्या फायली कोण चोरणार?’ फायलींची किंमत चोराला नसेल, तुम्हाला आहे, आणि तो पैसे मागतो ते त्याचेच. शिवाय गॅलरीत आधार-पॅनचे फोटो असतात. २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं, तसं दुकानातली हार्ड डिस्क बुडाली तरी फायली राहाव्यात म्हणून तर आपण बॅकअप क्लाउडवर नेला. आत शिरलेला माणूस सगळं डिलीट करून ट्रॅशही रिकामा करू शकतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण ती सांगायला हवी होती. ‘कंपनीतून बोलतोय, आलेला कोड सांगा’ म्हणणाऱ्याला कोड वाचून दाखवला, किंवा खोट्या पानावर टाकला, तर टू-स्टेप लावूनही खातं जातं. म्हणून तुमच्या सेवेत पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने (बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन) लॉगिन करायची सोय असेल, तर तीच लावा. ती खऱ्या साइटशिवाय दुसरीकडे चालतच नाही, आणि फोनवर कुणाला वाचून दाखवायला तिच्यात आकडेच नसतात.